पेशींवरची साखर: बोकडात आहे, कोंबडीत नाही, मग माशांत?

खाडीकाठ (गुहागर)

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सध्या एक संदेश फिरतो आहे. मटणात माणसाच्या शरीरात नसलेली एक ‘परकी साखर’ असते, तिच्यामुळे अंगात सूज धरते, म्हणून कोकणी माणसाने फक्त मासे खावेत, असे त्यात म्हटले आहे. खाली नेहमीप्रमाणे लिहिणाऱ्याचे नाव नाही. मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे थोडे वाचून पाहिले, तेव्हा संदेशाचा पहिला अर्धा भाग चक्क खरा निघाला.

पृष्ठवंशी प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर शर्करांच्या साखळ्यांचे दाट आवरण असते आणि त्या साखळ्यांच्या टोकाला बहुधा सायलिक आम्ल ही नऊ कार्बन अणूंची शर्करा बसलेली असते. सस्तन प्राण्यांत तिची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात. एक अॅसिटिल रूप आणि दुसरे, त्यालाच ऑक्सिजनचा एक अणू जोडून होणारे ग्लायकोलिल रूप. हा अणू जोडणारे विकर सीएमएएच नावाच्या जनुकावरून तयार होते. माणसात या जनुकाचा ९२ आधारजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या ९२ पायऱ्यांचा, एक तुकडा गळून गेल्यामुळे ते निकामी झाले आहे, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. चिंपांझी आणि गोरिला यांच्याकडे मात्र ते शाबूत आहे.

आता माझा प्रश्न. संदेशातली ‘परकी साखर’ म्हणजे हे ग्लायकोलिल रूप. ते कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याला काही शिस्त आहे का? माझे मत असे झाले आहे की प्राण्यांचे नाते पाहून त्यांच्या पेशींवरची साखर ओळखता येत नाही. आणि जाता जाता हेही विचारतो, की मासे, गाबोळी आणि तिसऱ्या यांचे काय?

सुरंगी

श्रावण लागण्याच्या आत हा धागा काढलात हे फार बरे केलेत. निर्णय होईपर्यंत कोणालाही काही सोडावे लागणार नाही.

रानमोडी (कुडाळ)

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे मला हा विषय मांजरांच्या वाटेने भेटला. मांजरांचे रक्तगट याच साखरेवरून ठरतात. ‘ए’ गटाच्या मांजराच्या तांबड्या पेशींवर ग्लायकोलिल रूप असते, तर ‘बी’ गटाच्या मांजरात सीएमएएच जनुकातील दोषामुळे केवळ अॅसिटिल रूप उरते. ‘बी’ गटाच्या मांजराच्या रक्तात ‘ए’ विरुद्धची प्रतिपिंडे आपोआपच तीव्र असतात. म्हणून ‘बी’ गटाच्या मादीला ‘ए’ गटाची पिल्ले झाली आणि ती पहिला चीक प्यायली, तर आईचीच प्रतिपिंडे पिल्लांच्या तांबड्या पेशी फोडतात. जन्मताना धडधाकट दिसणारे पिल्लू एकदोन दिवसांत मलूल पडते, त्याची लघवी लालसर तपकिरी होते आणि ते दगावते. ब्रिटिश शॉर्टहेअर जातीत ‘बी’ गटाचे प्रमाण बरेच आहे.

कुत्र्यांतही असाच भेद आहे. पाश्चात्त्य जातींच्या कुत्र्यांच्या तांबड्या पेशींवर बहुतांशी अॅसिटिल रूपच सापडते, पण जपान आणि कोरियाकडील काही जातींत ग्लायकोलिल रूप असलेली कुत्री आढळतात. म्हणजे खाडीकाठ सर, आपले मत एका अर्थी मवाळच म्हणावे लागेल. नाते दूरच राहिले, एकाच जातीच्या दोन प्राण्यांतही ही साखर वेगळी असू शकते.

भरती_ओहोटी

सरांच्या विधानात थोडी दुरुस्ती सुचवतो. मुळीच शिस्त नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये ३२२ ड्युटेरोस्टोम प्राण्यांचे, म्हणजे पृष्ठवंशी आणि समुद्री अर्चिन, तारामासा यांसारख्या त्यांच्या आप्तांचे जनुकसंच तपासले गेले. त्यांपैकी १८४ संचांत सीएमएएच चालू स्थितीत दिसले आणि ते स्वतंत्रपणे ३१ वेळा हरवले असावे, असा निष्कर्ष निघाला. जनुक मुळात पूर्वजाकडे होते आणि नंतर ठिकठिकाणी गळत गेले, अशी ही शिस्त आहे. एकदा मोडलेले जनुक परत जुळून येत नाही, त्यामुळे वंशवृक्षाच्या ज्या फांदीवर ते मोडले तिच्या पुढच्या सगळ्या डहाळ्या त्याविनाच राहतात.

रानमोडी

मान्य आहे, आणि त्या फांद्या सांगण्यासारख्या आहेत. दक्षिण अमेरिकेतील माकडांमध्ये हे जनुक माणसापेक्षा कितीतरी आधी, पूर्णपणे वेगळ्या घटनेने निकामी झाले. फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक लहान मांसाहारी प्राणी), बिज्जू आणि सील यांच्या समूहात ते नाही. आपल्या तिलारीच्या खोऱ्यात आणि खाड्यांतून दिसणारे पाणमांजर याच समूहातले आहे. काही वटवाघळांत, साळ्याशी ज्याची गल्लत होते त्या हेजहॉगमध्ये आणि अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्येही ते नाही. पक्षी आणि सरीसृप यांच्यात ग्लायकोलिल रूप जवळजवळ आढळतच नाही. एका सरड्याच्या अंड्यांत त्याचा अंश मिळाला होता, तो अपवादच म्हणायचा.

देवगडचा_हापूस

म्हणजे पाणमांजर, कोंबडी आणि मी एका पंगतीला, आणि बोकड, म्हैस आणि चिंपांझी दुसऱ्या. चिंपांझीला आमचा चुलतभाऊ म्हणवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

करवंद (सावंतवाडी)

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. आपल्या पट्ट्यात फुरशाचा दंश किती सर्रास होतो हे सांगायला नको. त्यावर दिली जाणारी प्रतिविष लस घोड्यांत तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे घोड्याच्या रक्तातून काढली जातात आणि घोडा हा ग्लायकोलिल रूप भरपूर असलेला प्राणी आहे.

घटसर्प, धनुर्वात अशा रोगांवर पूर्वी घोड्याचा रक्तद्रव जसाच्या तसा टोचला जाई, तेव्हा अनेक रुग्णांना आठवडाभराने ताप, सांधेदुखी आणि अंगावर गांधी असा त्रास होई. अशा रुग्णांच्या रक्तात परक्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे असतात, हे हंगानुत्झिऊ या संशोधकांनी १९२४ मध्ये आणि डायशर यांनी १९२६ मध्ये नोंदवले. ती प्रतिपिंडे ज्याला धरतात ते लक्ष्य म्हणजे हेच ग्लायकोलिल रूप, हे पुष्कळ वर्षांनी उलगडले. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत संशोधन करणारे अजित वर्की या साखरेकडे वळले, तेही घोड्याच्या रक्तद्रवाने त्रास झालेल्या एका रुग्णामुळेच.

येथे एक गोष्ट ठळकपणे लिहिते. आजच्या प्रतिविष लसीत प्रतिपिंडाचा शेपटीकडचा भाग पेप्सिन या विकराने तोडून काढलेला असतो आणि त्या प्रतिपिंडावरची साखर मुख्यतः त्याच भागावर असते. राहिलेली प्रतिक्रिया बहुतांशी घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध येते आणि ती सांभाळण्याची तयारी रुग्णालयात ठेवलेली असते. तेव्हा हा धागा वाचून कोणी फुरसे चावल्यावर लस नको म्हणू नये.

गोठण

शिस्तीचा प्रश्न झाला, पण गळतीचे कारण कोणी बोलले नाही. मला तरी रोग हेच कारण दिसते. मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीत शिरताना अॅसिटिल रूप पसंत करतो, तर चिंपांझीतील त्याचा भाऊ रायशेनोवी ग्लायकोलिल रूप पसंत करतो, हे २००५ मध्ये दाखवले गेले आहे. ज्या पूर्वजांच्या पेशींवरून ग्लायकोलिल रूप गेले, त्यांच्या दाराचे कुलूपच बदलले आणि जुन्या मलेरियाची किल्ली लागेनाशी झाली. एवढा फायदा मिळाल्यावर ते उत्परिवर्तन पसरणारच.

भरती_ओहोटी

कुलूप बदलले हे ठीक, पण फाल्सिपेरमने नवी किल्ली करून घेतलीच ना? आणि तो परजीवी गोरिलाकडून माणसात आला, तोही फार अलीकडे. आपले जनुक मात्र वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी मोडले असा अंदाज आहे. फायदा झाला असेल तर तो दुसऱ्याच कोणत्या तरी मलेरियाविरुद्ध, आणि त्याचा पुरावा आज हाती लागणे कठीण आहे. लहान टोळ्यांमध्ये एखादे निकामी जनुक निव्वळ योगायोगानेही सर्वत्र होऊ शकते. ३१ गळतींना रोगांच्या ३१ साथी शोधत बसण्यापेक्षा, हे जनुक नसले तरी प्राण्याचे फारसे अडत नाही, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते.

गोठण

अडत नाही असे कसे म्हणता? जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये ग्लायकोलिल रूपाविरुद्धची प्रतिपिंडे तयार केली, तेव्हा ते रूप अंगावर असलेल्या नरांपासून त्यांना गर्भधारणा कमी झाली, असा २०११ चा प्रयोग आहे. म्हणजे टोळीत एकदा दोन्ही प्रकारची माणसे झाली की शुक्रपेशींवरची ही साखरच दोन गटांत अंतर पाडू लागते. हा निव्वळ योगायोग नव्हे.

आणि दक्षिण अमेरिकेतील घुबडमाकडाचे उदाहरण घ्या. ते आपला आप्त म्हणावा इतके जवळचे नाही, पण ग्लायकोलिल रूप त्याच्याकडेही नाही, आणि फाल्सिपेरमच्या प्रयोगांसाठी वर्षानुवर्षे तेच माकड वापरले जाते. चिंपांझी इतका जवळचा असूनही त्याला फाल्सिपेरमची तीव्र बाधा सहसा होत नाही. परजीवी वंशावळ वाचत नाही, पेशीचा पृष्ठभाग वाचतो.

भरती_ओहोटी

घुबडमाकडाचे उदाहरण तुमच्या बाजूचे आहे असे मला वाटत नाही. ते जनुक गमावून सुरक्षित झाले नाही, उलट आपल्या मलेरियाला बळी पडण्याजोगे झाले.

सुरंगी

दोघांनाही चहा घ्या म्हणते. मलेरियाचे पारडे कुठेही झुकले तरी मच्छरदाणी लावणे भाग आहे.

चिपी_टेकडी

२०२१ च्या जानेवारीत दापोलीच्या मृत कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. तेव्हा पक्ष्यांच्या आणि माणसांच्या पेशींवरची साखर निरनिराळी असल्यामुळे तो सहज माणसात येत नाही, असे ऐकले होते. ती हीच साखर का?

रानमोडी

साखर हीच, पण तो भेद वेगळा आहे. सायलिक आम्ल साखळीतल्या आपल्या शेजारच्या शर्करेला कोणत्या जागी जोडले आहे, यावर फ्लूचे पुष्कळसे अवलंबून असते. पक्ष्यांना होणाऱ्या फ्लूचे विषाणू अल्फा-दोन-तीन ही जोडणी पसंत करतात आणि माणसाच्या घशात व श्वासनलिकेत अल्फा-दोन-सहा ही जोडणी जास्त असते. डुकरात आणि लाव्या पक्ष्यात दोन्ही आढळतात. माणसाच्या फुप्फुसांत खोलवर अल्फा-दोन-तीनही आहे, म्हणून संसर्ग झालाच तर न्यूमोनिया गंभीर होतो, पण शिंकेतून पुढे पसरत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना एच-फाइव्ह-एन-वन या बर्ड फ्लूची लागण झाली, तेव्हा त्यांच्या कासेच्या ऊतींत पक्ष्यांसारखी जोडणी विपुल असल्याचे दिसून आले.

माणसाच्या फ्लूच्या अभ्यासासाठी १९३३ पासून फेरेट वापरतात, कारण त्याला आपलाच फ्लू होतो आणि तो आपल्यासारखाच शिंकतो. त्याच्या श्वासमार्गातली जोडणी आपल्यासारखी आहे हे आधीपासून माहीत होते. त्याच्याकडे ग्लायकोलिल रूपही नाही, हे २०१४ मध्ये कळले.

खाडीकाठ

याचा अर्थ नुसते ‘आहे की नाही’ विचारून भागत नाही. इतर फेरफारांबद्दल कोणी लिहील का?

शेवाळ (रत्नागिरी)

लिहितो. मी सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, ग्लायकोलिल रूपाला उगाच जास्त प्रसिद्धी मिळाली आहे. सायलिक आम्लाच्या कडेने असलेल्या हायड्रॉक्सिल गटांवर प्राणी निरनिराळ्या खुणा चढवतात. नवव्या कार्बनवर अॅसिटिल गट चढवण्याची रीत सस्तन प्राण्यांत सर्रास आहे. सर्दीचा एक सामान्य कोरोनाविषाणू आणि गाईगुरांचा कोरोनाविषाणू नेमक्या त्याच खुणेला धरतात. चौथ्या कार्बनवरची खूण मात्र मोजक्यांकडेच ठळक दिसते, उदाहरणार्थ घोडा, गिनीपिग आणि अंडी घालणारे सस्तन प्राणी. एकिडना या अशाच अंडी घालणाऱ्या प्राण्याच्या दुधातल्या शर्करेवरही ती आहे. ही खूण असली की सायलिक आम्ल तोडणाऱ्या बहुतेक विकरांना ते तोडता येत नाही, आणि घोड्याचा रक्तद्रव फ्लूच्या काही विषाणूंना रोखतो तो तिच्यामुळेच.

माशांकडे तर तिसराच प्रकार आहे. १९८६ मध्ये जपानी संशोधकांना रेनबो ट्राउटच्या अंड्यांत केडीएन नावाचे सायलिक आम्ल मिळाले. त्यात पाचव्या कार्बनवर नायट्रोजनच नाही, त्यामुळे अॅसिटिल की ग्लायकोलिल हा प्रश्नच उद्भवत नाही. समुद्री अर्चिनमध्ये सल्फेट चढवलेले आणि तारामाशात मिथिल चढवलेले रूप सापडते. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणारा काळा काटेरी गोळा या बाबतीत कोळंबीपेक्षा आपल्याला जवळचा आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

वेंगुर्ल्याचा_जावई

साखरेचे एवढे बोलणे चालले आहे तर आमच्या बंदरासमोरच्या खडकांवरील पाकोळ्यांचीही आठवण ठेवा. आग्नेय आशियात ज्यांच्या घरट्यांचे सूप करतात, त्यांच्याच गोतातली ही पाखरे आहेत आणि घरट्यांसाठी इथेही चोरटा व्यापार झालेला आहे. ती घरटी लाळेची असतात ना?

शेवाळ

होय, आणि लाळेच्या श्लेष्मात सायलिक आम्ल पुष्कळ असते. हे आम्ल प्रथम वेगळे झाले तेही लाळेतूनच, १९३६ मध्ये स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी गाईगुरांच्या लाळग्रंथीतील श्लेष्मातून ते मिळवले. सूपवाल्या जातीच्या घरट्यात सायलिक आम्ल वजनाच्या सुमारे ९ टक्के भरते, आणि पक्षी असल्यामुळे ते अॅसिटिल रूपात असते. आपल्याकडच्या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर गवत आणि पिसेही असतात. घरटे काढणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि हेच अॅसिटिल रूप माणसाचे शरीर स्वतः भरपूर बनवते, म्हणून सूप पिऊन कमाई काय होते हे मला कळलेले नाही.

करवंद

मटणाशी निगडित आणखी एक साखर इथे नोंदवायला हवी, कारण लोक दोहोंची सरमिसळ करतात. तिचे नाव अल्फा-गॅल. बहुतेक सस्तन प्राण्यांत आणि दक्षिण अमेरिकेतील माकडांत ती असते, तर आफ्रिका व आशियातील माकडे, वानर आणि माणूस यांच्यात नसते. मासे आणि पक्षी यांच्या मांसातही ती सहसा आढळत नाही. म्हणजे दक्षिण अमेरिकेतील माकडांकडे अल्फा-गॅल आहे आणि ग्लायकोलिल नाही, चिंपांझीचे नेमके उलटे, आणि माणसाकडे दोन्ही नाहीत.

काही देशांत विशिष्ट गोचिडी चावल्यावर माणसाला अल्फा-गॅलची अॅलर्जी होते. मटण खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर तीन ते सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री अंगावर गांधी उठतात. आमच्या भागात २०१६ पासून ज्या गोचिडींमुळे माकडताप होतो, त्या प्रकरणाशी याचा संबंध जोडू नये. माकडताप हा विषाणूचा आजार आहे.

डुकराचे अवयव माणसात बसवताना या दोन्ही साखरा आड येतात. म्हणून २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका रुग्णात जे डुकराचे हृदय बसवले, त्या डुकरातून या दोन आणि आणखी एक साखर बनवणारी जनुके आधीच काढून टाकली होती.

खाडीकाठ

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ या. ताटाचे काय?

शेवाळ

मोजमापे झालेली आहेत. ग्लायकोलिल रूप सर्वाधिक गाईगुरांच्या मांसात असते आणि त्याखालोखाल मेंढी व डुक्कर यांच्या मांसात. दुधात ते मध्यम प्रमाणात आहे. कोंबडी आणि अंड्यांत नाही. माशांच्या मांसात अत्यल्प किंवा नाही. मात्र माशांच्या अंड्यांत, निदान ज्यांची तपासणी झाली त्या कॅव्हिअरमध्ये, ते चांगल्यापैकी निघाले. म्हणजे ‘फक्त मासे खा’ हा सल्ला देताना संदेशवाल्याने गाबोळी वगळायला हवी होती. कोळंबी आणि तिसऱ्या यांच्या कुळात तर सीएमएएच जनुकच आढळलेले नाही.

करवंद

आणि ‘सूज धरते’ याबद्दल मी लिहिते. खाल्लेले ग्लायकोलिल रूप माणसाच्या पेशींत थोडेसे उतरते, हे वर्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या श्लेष्मातून शुद्ध केलेला नमुना स्वतः पिऊन दाखवले, ती गोष्ट २००३ ची. माणसांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडेही कमीअधिक प्रमाणात असतात. जनुक काढलेल्या उंदरांना हे अन्न आणि प्रतिपिंडे दोन्ही दिल्यावर यकृतात गाठी वाढल्या, असा २०१५ चा प्रयोग आहे. माणसाबाबत या मार्गाने इतका धोका होतो असे सांगण्याजोगा थेट पुरावा यातून मिळत नाही. तांबडे मांस मर्यादेत खावे याला इतरही सबळ कारणे आहेत.

गोठण

एक राहिले. ज्या प्राण्यांच्या सर्वांगात ग्लायकोलिल रूप असते, त्यांच्याही मेंदूत ते जवळजवळ नसते. गाय, डुक्कर, उंदीर, कोणीही घ्या. उंदरांच्या मेंदूत ते मुद्दाम तयार करायला लावले, तेव्हा त्यांच्या हालचालीत आणि स्मरणात दोष दिसले. भरती_ओहोटी यांनी याला योगायोग म्हणून दाखवावे.

भरती_ओहोटी

मेंदूपुरते मान्य करतो. तिथे नैसर्गिक निवडीचा दाब उघड दिसतो. पण त्यावरून ३१ ठिकाणची गळती रोगांमुळे झाली हे सिद्ध होत नाही.

देवगडचा_हापूस

म्हणजे बोकडातला सर्वात निर्धोक भाग भेजा, असा या धाग्याचा निकाल समजायचा काय?

करवंद

साखरेपुरता तसा समजा. कोलेस्टेरॉलसाठी दुसरा धागा काढा, तिथे मी आधीच येऊन बसते.